कमाटी बागेतली शाब्बासकी

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी ते दोघांनाही वाचायला दिलं. नानांनी चष्मा पुसून सगळं वाचलं आणि "माझं वय एकाहत्तर लिहिलंयस, बहात्तर कर," एवढंच सांगितलं. ताईंनी दोन वाक्यं काढायला लावली आणि एक घालायला लावलं. काढलेली कोणती ते सांगत नाही. घातलेलं शेवटी आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. बडोद्यातला मराठी समाज असा, की नुसतं आडनाव घेतलं तरी कुठल्या पोळातले, म्हणजे गल्लीतले, कुणाचे व्याही, हे समोरचा सांगून मोकळा होतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बागेत सगळे 'डॉक्टरबाई' म्हणतात. दुरुस्त करून करून थकले. सयाजीबागेत, म्हणजे आमच्या तोंडी कमाटी बागेत, सकाळी सहाला आमचा दहा-बारा जणांचा जथा चालतो. निम्मे मराठी, निम्मे गुजराती, आणि सगळ्यांची भाषा अर्धी-अर्धी. चालून झालं की बाहेर चहा. महिन्यातून दोनदा सेव-उसळ, तीही तरी मारून. जेवढं चालण्यात जळतं त्याच्या दुप्पट तिथे भरून निघतं, हे मला माहीत आहे आणि मी ते कधीच बोलत नाही.

जथ्याचे म्होरके नाना. रेल्वेतून निवृत्त, वय बहात्तर, वजन ५८ किलो, ताठ कणा. लहानपण आखाड्याच्या लाल मातीत गेलेलं. बडोदं हे आखाड्यांचं गाव. जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० चं. पुढे प्रोफेसर माणिकरावांनी ते नावारूपाला आणलं आणि सांघिक कवायतीचे हुकूम इंग्रजीतून काढून देशी भाषेत बसवले. व्यायामाचा दहा खंडांचा मराठी ज्ञानकोश दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी तयार केला तोही ह्याच गावात. आणि बागेतल्या संग्रहालयात एक दगड आहे. १९०२ मध्ये गामा पैलवानाने तो उचलला असं सांगतात, वजन १२०० किलो. माझा व्यवसाय मला ह्या आकड्यावर शंका घ्यायला लावतो, पण ती मी नानांसमोर घेत नाही.

ह्या नानांचा आवाज बागेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो. प्रकरण त्या आवाजाचं आहे.

जून ते ऑगस्ट

ताई पहिल्यांदा आल्या त्या जून २०२४ मध्ये. वय ३८, खासगी कंपनीत हिशेबाचं काम, दिवसभर खुर्ची. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९४ किलो. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३७ च्या वर. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात, तेव्हा आकड्याबद्दल वाद नव्हता. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आला होता, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा, आणि त्यांच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या तेव्हा माझ्या पेशंट नव्हत्या. तेव्हा मला फक्त दिसलं ते असं: फाटकाजवळच्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधणारी एक बाई, जिला चालायला सुरुवात करण्याआधीच आपल्याकडे कोण बघतंय हे बघायची सवय होती.

पहिल्या दिवशी त्या बारा मिनिटं चालल्या, मध्ये तीनदा थांबून. नानांनी समोरून येताना हात वर केला.

"शाब्बास ताई! आलात ना, झालं! घराचा उंबरठा ओलांडला तो पैलवान!"

ताई हसल्या. दुसऱ्या दिवशी आल्या. नाना पुन्हा ओरडले. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या गुजराती बहिणींनीही सूर धरला, "चालो बेन, हजु एक राउंड!" आठवडाभरात असं झालं की ताई वळणावर दिसल्या की कुणी टाळ्या वाजवायचं, कुणी अंगठा दाखवायचं, आणि नाना नवीन काहीतरी काढायचे. "पाय उचला, पाय! जमिनीने काय धरून ठेवलेत का?" "त्या वडापर्यंत! वड पळून चाललाय!" "घाम गाळा घाम, तो घाम नाही, तूप वितळतंय!" ह्या शेवटच्यावर आम्ही सगळे हसलो होतो. सेव-उसळीच्या दिवशी कुणीतरी गाडीवाल्याला म्हणालं, "ताईंच्यात सेव कमी हं," आणि ताईंनी बशी हातात घेतलीच नाही, चहा घेतला.

ऑगस्ट उजाडेपर्यंत त्या चाळीस मिनिटं न थांबता चालत होत्या. बारावरून चाळीस. माझ्या दवाखान्यात एखाद्या पेशंटने नऊ आठवड्यांत एवढं केलं तर मी चारचौघांत त्याचं उदाहरण देते.

पंधरा ऑगस्टच्या आसपास त्यांनी नवे बूट घेतले, निळे. नानांनी ते बरोबर टिपले.

"वा, वा! नवे बूट! असंच चालू ठेवा ताई, नवरात्रीपर्यंत माणसात याल!"

सगळे हसले. मीही हसले. ताईही हसल्या, सगळ्यांच्या नंतर. त्यानंतर दोन दिवस त्या आल्या आणि मग आल्या नाहीत.

मग पूर आला. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी शहरात घुसली, रस्त्यांवर मगरी दिसल्या, बाग पाण्याखाली गेली. कित्येक दिवस कुणीच चाललं नाही. त्यामुळे ताई येईनाशा झाल्या त्या पुराआधी, हे आमच्या कुणाच्या लक्षात यायलाच सप्टेंबर उजाडला. गाळ निघाला, माणसं परतली, त्या परतल्या नाहीत. आम्ही म्हटलं, घरात पाणी शिरलं असेल.

फोन

नाना अस्वस्थ झाले. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून त्यांच्याबद्दल मत वाईट व्हायला वेळ लागणार नाही. ते रोज फाटकाशी दोन मिनिटं थांबायचे. चौकशी करता करता त्यांना कळलं की ताई म्हणजे त्यांच्या भजनी मंडळातल्या एका बाईंची सून. झालं. नानांनी सासूबाईंना फोन केला. "सूनबाई फार छान चालत होत्या हो, पाठवा त्यांना, आता सोडलं तर केलेलं सगळं वाया जाईल."

ह्या फोनपर्यंत ताईंच्या घरात चालण्याची गोष्ट ताईंची एकटीची होती. नवऱ्याला माहीत होतं, सासूबाईंना एवढंच माहीत होतं की सून सकाळी 'पाय मोकळे करायला' जाते. फोननंतर ती घराची गोष्ट झाली. सासूबाई वाईट नाहीत. त्यांनी फक्त रात्री जेवताना विचारलं, "का गं सोडलंस?" आणि दुसऱ्या दिवशीपासून ताईंच्या पानात पोळी वाढताना त्यांचा हात क्षणभर थांबायला लागला. क्षणभरच. ताईंनी मला सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत हा हात मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिला आहे.

सप्टेंबरच्या मध्यावर त्या माझ्या दवाखान्यात आल्या. मला वाटलं गुडघा. "गुडघा नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नानांना सांगा, परत घरी फोन करू नका म्हणावं."

मी खुर्ची पुढे केली. आणि पहिली चूक केली, म्हटलं, "नाना मनाने फार चांगले आहेत हो."

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मला बोलताही येईना."

मी 'माणसात याल' बद्दल विचारलं. त्याबद्दल वाईट वाटलंच होतं. आपल्याकडे न्हाव्याकडून आलेल्या पोराला, आजारातून उठलेल्या माणसाला 'आता माणसात आलास' असं सहज म्हणतात; नानांच्या तोंडून ते तसंच सहज निघालं होतं. पण ज्याला म्हणतात तो आत्ता माणसात नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे आणि तो अर्थ ताईंनी घरी जाताना रिक्षात बसून नीट उलगडून पाहिला होता. तरी त्यासाठी आपण सोडलं नाही, असं त्या म्हणाल्या. दोन दिवस आल्या होत्याच की.

"मग?"

"मला शाब्बासकीचा राग आला," त्या म्हणाल्या.

मी गप्प राहिले. हे मला अपेक्षित नव्हतं.

"पहिले पंधरा दिवस मी नानांमुळेच आले. खरं सांगते. सकाळी उठवत नसे, पण वाटायचं, ते म्हातारे गृहस्थ वाट बघत असतील. शाब्बास म्हटलं की बरं वाटायचं. पण मग महिना झाला, दोन महिने झाले. तुमच्यातल्या कुणाला म्हणतात का हो ते शाब्बास? तुम्ही चाळीस मिनिटं चालता, मी चाळीस मिनिटं चालते. तुम्हाला 'काय डॉक्टरबाई, पाऊस येणार का' आणि मला 'शाब्बास'. म्हणजे त्यांच्या लेखी माझा रोज पहिलाच दिवस."

ज्यांना चाललं ते

आमच्या जथ्यात एक भाई आहेत, कापडाचा व्यापार, वजन शंभराच्या वर. नाना त्यांना ताईंच्या चौपट बोलतात. "हत्ती आला, रस्ता सोडा!" हे सौम्यातलं. भाई खूश असतात. ताईंचा विषय निघाला तेव्हा त्यांचं मत स्पष्ट होतं: "नाना बोलत नसते ना, तर मी अजून खाटेवर असतो. गोड बोलणारे माझ्या घरात सहा जण आहेत, त्यातल्या एकाने मला उठवलं नाही." जथ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, हल्ली माणसं फार नाजूक झाली आहेत, बाहेर पडायचं तर चार शब्द ऐकायची तयारी हवी. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, मग काय आता मुक्याने चालायचं?

ह्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या लोकांत अंगावर बोलणं ही सरसकट शिवी नाही. हळदीकुंकवाला दारातच 'अगं किती वाळलीस' किंवा 'तब्येत सुधारलीय हं' होतं, आणि बोलणारीला त्यातून एवढंच सांगायचं असतं की तू माझ्या नजरेत आहेस. आजी 'हाडं वर आलीत' म्हणाली तर तो राग नसतो, पानावर तुपाची धार वाढण्याची तयारी असते. आणि न बोलणं म्हणजे आदर असंही नाही. मोठ्या महागड्या जिममध्ये कुणी कुणाला काही बोलत नाही. तिथे जाड माणूस दहा दिवस आला नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही. नाना फाटकाशी थांबले होते.

पण भाईंना चाललं आणि ताईंना नाही, ह्याचं उत्तर भाई कणखर आणि ताई नाजूक असं नाही. मी भाईंना विचारलं, नाना तुम्हाला बोलायला कधी लागले? ते हसले. चार वर्षांपूर्वी छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा ते स्वतः नानांच्या घरी गेले होते. "मी म्हटलं, नाना, मला सोडू नका, शिव्या घाला पण चालवा." आणि ते नानांना उलट बोलतात. "हत्ती आला" म्हटलं की ते म्हणतात, "माहूत म्हातारा झालाय, पडेल." बोलणं दोन्ही बाजूंनी जातं. ताई नानांना काय उलट बोलणार होत्या? अनोळखी, वयाने निम्म्या, बाई, आणि पुढे कळलं तसं सासूच्या ओळखीचे.

नानांशी बोलणं

मी नानांशी बोलले ते बागेत नाही, त्यांच्या घरी, संध्याकाळी. आधी फोनचं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. फोनमध्ये काही चुकीचं असू शकतं हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग ते चिडले, थोडे माझ्यावर, बरेचसे जगावर.

"आम्हाला वस्ताद काय बोलायचा माहितीये? आईबापांवरून बोलायचा. पाठीत काठी बसायची. कुणी आखाडा सोडला नाही."

"नाना, आखाड्यात तुम्ही गेलात कसे?"

"बाबा घेऊन गेले. नारळ दिला, वस्तादाच्या पाया पडलो."

"ताईंनी तुम्हाला नारळ दिला होता?"

ते काही बोलले नाहीत. मी आणखी एक विचारलं, कारण ते मला खरंच जाणून घ्यायचं होतं. वस्ताद नेमकं काय बोलायचा? नानांना आठवत होतं, एकेक वाक्य. जोर मारताना कंबर वर राहिली तर त्यावर. बैठकीत टाचा उचलल्या तर त्यावर. दम आधीच सोडला तर त्यावर. सगळं कामावर. "आणि अंगावर?" नाना म्हणाले, आखाड्यात शंभर किलोच्या गड्याला जाड कोण म्हणणार, तो तर आखाड्याची शान. असं म्हणून ते स्वतःच थांबले.

माझं ह्या प्रकरणातलं मत एवढंच आहे, आणि ते मला वाचलेल्या कुठल्याही शोधनिबंधापेक्षा नानांच्या ह्या दोन उत्तरांतून जास्त स्पष्ट झालं. शब्द कडक की मऊ हा प्रश्नच नव्हता. वस्तादाचा शब्द काठीसारखा होता आणि कुणी आखाडा सोडला नाही. नानांचा शब्द फुलासारखा होता, 'शाब्बास', आणि बाईने बाग सोडली. वस्तादाला बोलायचा हक्क शिष्याने दिला होता आणि तो कंबरेच्या कोनाबद्दल बोलत होता. नानांना हक्क कुणी दिला नव्हता आणि ते बोलत होते बाईच्या देहाबद्दल, 'चालणं' हा शब्द मध्ये घालून. 'तूप वितळतंय' ह्यात चालण्याबद्दल काय आहे?

मग मी त्यांना माझ्या धंद्यातलं सांगितलं, कारण नाना हिशेबाचे पक्के आहेत आणि भावनांपेक्षा आकड्यांवर त्यांचा विश्वास आहे. सपाट जमिनीवर ताशी चार किलोमीटरने चालायला साधारण ३ मेट लागतात; एक मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला सुमारे एक किलोकॅलरी. त्या हिशेबाने नाना तासाला १७४ जाळतात आणि त्यांच्याच बरोबरीने, त्याच वेगाने चालणाऱ्या ताई २८२. म्हणजे नानांना ज्या 'जड पायां'ची कीव येत होती ते पाय त्यांच्या दीडपटीहून जास्त काम करत होते. गुडघ्याचंही तसंच. अमेरिकेत स्टीफन मेसियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गुडघे झिजलेल्या वयस्क, वजनदार लोकांच्या चालण्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं: अंगावरचं एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. हे उलट्या बाजूनेही वाचता येतं. जड माणसाला 'पाय उचला, पळा' म्हणणं ही शाब्बासकी नाही, ते गुडघ्याला दिलेलं आमंत्रण आहे. अशा माणसाने चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढाच वेग ठेवावा, वाढवायचं झालं तर आधी मिनिटं वाढवावीत, वेग नंतर. ताई नेमकं हेच करत होत्या, कुणी न सांगता. नाना त्यांना रोज ते मोडायला सांगत होते.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे गणित तू आधी का नाही सांगितलंस?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी नऊ आठवडे तिथेच होते. 'माणसात याल' वर हसले होते. मला हे सगळं माहीत असून मी हसले. नानांना माहीत नव्हतं.

एक गोष्ट मी नानांना मुद्दाम सांगितली नाही, इथे लिहिते, त्यांची परवानगी आहे. नाना ५८ किलोंचे आहेत आणि बारा वर्षं मधुमेहाची गोळी घेतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन ह्या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं होतं: दोघांचा बीएमआय सारखा, २२.३; शरीरातली चरबी मात्र युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, हा आपल्याकडचा जुना प्रकार. बागेत कुणाला प्रोत्साहनाची गरज आहे हे आपण डोळ्यांनी ठरवतो. नानांना आजवर एकानेही 'शाब्बास, साखर उतरेल हं' असं ओरडून सांगितलेलं नाही.

दवाखान्यात हे कसं करतात

थोडक्यात सांगते. १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारू सोडू बघणाऱ्यांबरोबर काम करताना एक गोष्ट मांडली, जी पुढे वजन, साखर, सिगारेट सगळीकडे वापरली गेली: बदल हवा म्हणून तुम्ही जेवढा जोर लावता तेवढा समोरचा न बदलण्याची बाजू लढवायला लागतो. म्हणून आधी विचारायचं. 'वजनाबद्दल बोललेलं चालेल का तुम्हाला?' हे वाक्य मी रोज पाच-सहा वेळा बोलते. दहातले एक-दोघे नाही म्हणतात. मग मी वजनाबद्दल बोलत नाही, गुडघ्याबद्दल बोलते, आणि त्यांतले बरेच जण तिसऱ्या भेटीत स्वतःच वजनाचा विषय काढतात.

टोमण्याने वजन उतरतं का, हेही पाहिलेलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सारा जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पन्नाशीपुढच्या २,९४४ इंग्रजांची चार वर्षांची माहिती तपासली. वजनावरून भेदभाव झाला असं सांगणाऱ्यांचं वजन सरासरी सुमारे ०.९५ किलोने वाढलं, बाकीच्यांचं ०.७१ किलोने कमी झालं. कशामुळे काय झालं हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही, आणि नानांची शाब्बासकी म्हणजे भेदभाव असं म्हणणं नानांवर अन्याय होईल. पण 'बोललं की लागतं आणि लागलं की माणूस सुधारतो' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी निदान पुरावा आपल्या बाजूने नाही हे जाणून असावं.

आणि जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते ती वजन उतरो न उतरो, रक्तदाब, साखर, झोप, मन ह्यांसाठी सांगते. नुसत्या चालण्याने वजन फार उतरत नाही. नऊ आठवड्यांत ताईंचं एक किलो उतरलं होतं. बागेने ते एक किलो मोजलं. बारावरून चाळीस मिनिटं कुणी मोजली नाहीत, मी सोडून, आणि मी बोलले नाही.

पुढे

नानांना ताईंच्या घरी पेढे घेऊन जायचं होतं. मी हात जोडले. घरी जाणं म्हणजे दुसरा फोनच. मग ते म्हणाले, "बरं, सांग तिला, म्हातारा चुकला." मी सांगितलं. ताई म्हणाल्या, "सांगा, राग नाही. पण सहाला नाही येणार."

हे नानांना जरा लागलं. माफी मागितली की माणसाने परत यायला हवं असा एक हिशेब आपल्या सगळ्यांच्या मनात असतो, माझ्याही होता.

ताई आता संध्याकाळी सोसायटीतल्या सोसायटीत चालतात आणि रविवारी सकाळी आठला कमाटी बागेत येतात, आमचा जथा चहाला गेल्यावर. मधल्या एका रविवारी नाना चहा सोडून मुद्दाम थांबले. मला धसका बसला, पण ते बाकावर बसून होते. ताई समोरून गेल्या. नाना म्हणाले, "गाळ अजून पूर्ण निघाला नाही बघा त्या बाजूचा." ताई म्हणाल्या, "हो ना, तिकडून वळूनच येते मी." बस. जाताना नाना मला म्हणाले, "जीभ चावून धरली होती गं." भाईंना ते अजून हत्तीच म्हणतात. जथ्यात जूनमध्ये एक नवीन मुलगा आला, वजनदार, विशीतला. नानांनी पहिल्या दिवशी त्याला विचारलं, "बोललेलं चालतं का रे तुला?" तो म्हणाला, "नाही काका, मी हेडफोन लावतो." नाना दोन दिवस माझ्याशी फुरंगटून होते.

शिक्षिका बाईंचं मत बदललेलं नाही. हे लिहिलेलं वाचून त्या म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीवर एवढं.

सासूबाईंचा हात पोळी वाढताना अजून थांबतो का, हे मी विचारलं नाही.

ताईंनी घालायला लावलेलं वाक्य असं: नवरात्रात मी सात रात्री गरबा खेळले, वजन ९३ होतं, आठव्या दिवशी गुडघा सुजला आणि तो डॉक्टरबाईंनी बघितला.